गचका शॉकअपचा नव्हता

वाईला आमच्या आळीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकात गतिरोधक गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, पसरट असा सांगितला होता. आमचा त्याच दिशेने जेमतेम हातभर, उभ्या चढाचा. तो आला की मागच्या सीटवर बसलेली आई वरचं हँडल दोन्ही हातांनी धरायची आणि श्वास रोखून बसायची. तिच्या कमरेच्या मणक्यात गॅप आहे. दर महिन्याला मी तिला पुण्याहून वाईला नेते-आणते, आणि प्रत्येक फेरीनंतर तिचे दोन दिवस अंथरुणात जायचे. ती कधी तक्रार करायची नाही, पण मला आरशात तिचा चेहरा दिसायचा.

गाडी सेकंड हँड. २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, २०२२च्या दिवाळीत घेतलेली. आधीच्या मालकाने १६ इंची अलॉय चाकं बसवली होती आणि गाडी थोडी खाली घेतली होती. दिसायला देखणी. ट्रायल घेतली ती नव्या डांबरी रस्त्यावर, तीही एकटीने. माझ्या मते जुनी गाडी घेताना ट्रायल खड्ड्यांच्या रस्त्यावरच घ्यावी, आणि घरातलं सगळ्यांत दुखरं माणूस मागे बसवून.

पहिल्या गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निकाल लागला: चारही शॉकअप गेले, बदला. शॉकअप कुठल्या कंपनीचे घ्यायचे याचा मी आठवडाभर शोध घेत बसले. ऑइलचे की गॅसचे? गॅसच्या शॉकअपमध्ये ऑइलसोबत दाबाखाली नायट्रोजन असतो. लांबच्या खराब रस्त्यावर ऑइलला फेस येऊन शॉकअप ढिला पडू नये, हे त्याचं काम. म्हणजे तो मऊपणासाठी केलेला नसतो. उलट पहिल्या हालचालीला किंचित कडकच लागतो. ‘गॅसचे टाका, गाडी लोण्यासारखी चालेल’ असं मला तीन जणांनी सांगितलं होतं.

पैसे भरण्याआधी दुसरं मत घ्यावं म्हणून सातारा रस्त्यावरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेले. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतलीच नाही. आधी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला.

‘ताई, शॉकअप संपला असता तर गाडी दाबल्यावर दोन-तीनदा झुलली असती. ही तर खालीच जात नाही. तुमचा गचका वेगळा आहे.’

मग हवा तपासली. पंपावरच्या मुलाने ३८ भरली होती. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर २९ सांगत होता. मी तो स्टिकर कधी वाचलाच नव्हता. हवा उतरवल्यावर डांबराच्या चिरांवरची बारीक खडखड तिथल्या तिथे कमी झाली. मोठा दणका मात्र तसाच राहिला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. मागच्या एका शॉकअपचं धूळरबर वर सरकवलं, चकचकीत दांड्याला एक प्लॅस्टिकची केबल टाय बांधली आणि ती खाली शॉकअपच्या बॉडीला टेकवली. ‘मागे कुणाला तरी बसवा, दोन गतिरोधक पार करून या.’ परत आलो तेव्हा ती टाय दांड्यावरून सरकत थेट वरच्या बंप स्टॉपवर जाऊन चेपली होती. बंप स्टॉप म्हणजे शॉकअप शेवटच्या टोकाला गेला तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून ठेवलेलं रबर. ते खरं तर क्वचित कामाला यावं. माझ्या गाडीत दर गतिरोधकाला येत होतं, आणि त्याचे तुकडे पडत आले होते. गाडी नुसती उभी असताना त्या रबराखाली माझं जेमतेम एक बोट जाईल एवढीच जागा होती.

कारण समोर होतं. गाडी खाली घेण्यासाठी टाकलेल्या आखूड, कडक लाल स्प्रिंगा. चाकाला वर जायला जागाच उरली नव्हती. शॉकअप आठ वेळा बदलले असते तरी आईच्या कमरेला तोच दणका बसला असता.

आता निवड करायची होती. उंची कमी-जास्त करता येणारा कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र सेट, चांगला असतो, पण पाऊण लाखाच्या पुढे जात होता, आणि मला गाडी पळवायची नव्हती. स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर स्वस्त होते. त्याने गाडी उचलली जाते, पण ते वेढे काम करेनासे होतात आणि स्प्रिंग आणखी कडक होते. मी मूळ मापाच्या चार स्प्रिंगा आणि त्याच मापाचे साधे ऑइलचे शॉकअप घ्यायचं ठरवलं. पुढचा डावा शॉकअप थोडा गळत होता, आणि शॉकअप एका ॲक्सलवर जोडीनेच बदलतात. मागचे चालले असते, पण इतकी वर्षं ते टोकाला आदळत होते, म्हणून तेही काढले.

खरेदीला नाना पेठेत गेले. दुकानदार भले होते, पण त्यांनी काउंटरवर ठेवल्या त्या पुढच्या स्प्रिंगा डिझेल गाडीच्या निघाल्या. डिझेल इंजिन जड, म्हणून तिच्या पुढच्या स्प्रिंगा जास्त ताठ असतात. दिसायला दोन्ही सारख्याच. मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं, म्हणून मी आरसी बुक सोबत नेलं होतं; चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घेतला आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडला. ही दहा मिनिटं वाचवली असती तर सगळा खर्च पाण्यात गेला असता. सोबत वरची माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळरबरंही नवी घेतली. मजुरी आणि अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) धरून साडेएकोणीस हजार लागले.

बसवताना मी दिवसभर तिथेच होते. एक गोष्ट मुद्दाम सांगते. पुढचं चाक धरणारा लोअर आर्म आणि मागची चाकं जोडणारा बीम यांच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट त्यांनी गाडी हवेत असताना नुसते बसवले; पक्के आवळले ते गाडी चाकांवर उभी केल्यावर. चाकं लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. घाईत हे सुटतं.

टायर तीन महिन्यांनी बदलले, पैसे साठल्यावर. आधीच्या टायरवरचा शेवटचा चार आकडी कोड २३१६ होता, म्हणजे २०१६चा २३वा आठवडा. रबर दगडासारखं झालेलं. शिवाय जुन्या १९५/५५ आर १६ मापात (रुंदी १९५ मिलिमीटर, भिंत तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) टायरची भिंत जेमतेम १०७ मिलिमीटर, तर नव्या १८५/६५ आर १५ मध्ये १२० भरते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच, म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही. हे १३ मिलिमीटर रबर आणि हवा लहान खड्ड्यांवर किती काम करतात, ते चालवल्याशिवाय कळणार नाही. १६ इंची अलॉय विकून थोडे पैसे सुटले.

गाडी आता खंबाटकी घाटाच्या वळणांवर आधीपेक्षा जास्त कलते. मी वेग कमी करते. आठवडाभर पुढून टकटक येत होती, ती जुन्या लिंक रॉडची (पुढच्या चाकांजवळच्या जोडदांड्याची) निघाली. हजार किलोमीटरनंतर नव्या स्प्रिंगा दबून स्थिरावल्यावर अलाइनमेंट पुन्हा करून घेतली.

नव्या टायरवर आईला पहिल्यांदा नेलं ते पावसाळ्यात. सुरूर फाट्याला वळलो, वाई आली, आळी आली. तिने सवयीने हँडल धरलं आणि डोळे मिटले. गाडी घराच्या दारात थांबली तरी हात तसेच वर.

‘गेला का गं तो?’ तिने विचारलं.