तुम्ही विचारलंत म्हणून: महिनाभर नुसता जॅबच कशाला?

मुलांना बॉक्सिंगला घातलं की पालक हमखास विचारतात, "महिना झाला, नुसता जॅब चाललाय. बाकीचं कधी शिकवणार?" खरं म्हणजे जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, नावाखाली पाय, खांदा, हनुवटी, नजर असं सगळंच शिकवणं चालू असतं. ते अंगात मुरण्याआधी हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) किंवा अपरकट (खालून वर मारलेला) दिला, तर पोरं नुसते हात फिरवतात.

उजव्या हाताच्या मुलाचा डावा पाय पुढे. दोन पायांत खांद्याएवढं अंतर, पुढचा पंजा किंचित आत वळलेला, मागची टाच बोटभर उचललेली, गुडघे सैल. मुठी गालाच्या हाडापाशी, कोपरं बरगड्यांजवळ. आता डावी मूठ सरळ समोर जाते आणि तिच्याबरोबरच पुढचा पाय अर्धी वीत सरकतो; मागचा पाय लगेच तेवढाच. पाय जवळ आले की तोल गेलाच. शेवटच्या टप्प्यात मूठ फिरते, तळवा जमिनीकडे होतो आणि डावा खांदा हनुवटीला टेकतो. ठोसा बसायला हवा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांवर. करंगळीच्या बाजूनं बसला तर तळहातातलं हाड मोडू शकतं. म्हणून पंचिंग बॅगवर हात टाकण्याआधी पट्टी नीट बांधलेली हवी आणि अंगठा मुठीच्या बाहेर.

सर्वांत चिवट खोड म्हणजे ठोशाआधी कोपर बाहेर फाकणं. समोरच्याला ठोसा निघतानाच दिसतो, आणि जोरही वाया जातो. यावर उपाय घरीच करता येतो. डावी बाजू भिंतीकडे करून, चार बोटं अंतर सोडून मुलाला उभं करा आणि अगदी सावकाश जॅब मारायला सांगा. कोपर भिंतीला घासलं की त्याचं त्यालाच कळतं. ओरडावं लागत नाही. दुसरी खोड जास्त महागात पडते: मूठ परत येताना कमरेकडे लोंबते. समोरच्याचा उजवा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) नेमका तिथूनच आत शिरतो. मूठ गेली त्याच रेषेत परत यायला हवी.

आता नियमांकडे बघा. हौशी बॉक्सिंगची रिंग दोरांच्या आत 6.10 मीटर लांब-रुंद असते. मोठ्यांच्या लढतीत 3 मिनिटांचे 3 राऊंड, मध्ये 1 मिनिट विश्रांती. जिंकलेल्या राऊंडला जज 10 गुण देतात, हरणाऱ्याला बहुधा 9. ठोसा धरला जातो तो ग्लोव्हच्या मुठीच्या भागानं, डोक्याच्या किंवा धडाच्या पुढच्या वा बाजूच्या भागावर, कमरेच्या वर बसलेला. उघड्या ग्लोव्हची चापट मोजत नाहीत, उलट रेफ्री ताकीद देतो. डोक्याच्या मागे मारणं तर फाऊलच. मूठ फिरवण्याचा एवढा आग्रह त्यासाठीच. शिवाय हुक मारायला जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की ठोसे खावेही लागतात. जॅब मात्र पुढच्या हाताचा, सर्वांत जवळच्या वाटेचा. अंतर जोखतो, समोरच्याचा गार्ड (बचावासाठी वर धरलेले हात) हलवतो आणि तुमच्या क्रॉसला जागा करून देतो.

किती दिवस, हे कॅलेंडरवर ठरत नाही. 2 मिनिटांचे 3 राऊंड शॅडो (समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारणं) करू द्या आणि फक्त शेवटच्या अर्ध्या मिनिटाकडे बघा. दमलेला असूनही मूठ दर वेळी गालापाशी परतत असेल, तर दुसऱ्या दिवसापासून क्रॉस.