बारचे वजन सगळीकडे सारखेच

राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या जुन्या पदकतालिका चाळताना एक नाव डोळ्यांत भरते, ते म्हणजे नाउरू. प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेले हे एकच बेट म्हणजे एक सार्वभौम देश आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या दहा-बारा हजारांच्या घरात आहे. १९९० साली ऑकलंडच्या स्पर्धेत हा देश पहिल्यांदा उतरला आणि पहिल्याच खेपेला सुवर्णपदक घेऊन परतला. त्यापुढच्या दोन स्पर्धांत त्याने प्रत्येकी तीन सुवर्णपदके मिळवली. यातली सर्व पदके वेटलिफ्टिंगमधली होती आणि ती एकाच माणसाची होती: मार्कस स्टीफन.

लहान देशाच्या अशा यशाचे वर्णन करताना आपल्याकडे ‘जिद्द’ हा शब्द फार लवकर पुढे येतो. स्टीफन यांच्याकडे जिद्द होती, यात शंका नाही; पण जिद्द टेनिसपटूकडेही असते आणि जलतरणपटूकडेही असते. मग नाउरूला टेनिसमध्ये किंवा पोहण्यात असे यश का मिळाले नाही? मला या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या स्वरूपातच दिसते.

मुष्टियोद्ध्याला सरावासाठी आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी लागतो. टेनिसपटूला तर रोज वेगवेगळ्या शैलीचे खेळाडू समोर हवे असतात. सांघिक खेळासाठी आधी संघ लागतो, मग त्याच्याशी खेळायला दुसरा संघ लागतो आणि त्या दोघांना पुरेसे मैदान लागते. दहा हजार वस्तीच्या बेटावर यातले काही सहज जमत नाही, आणि जवळचा शेजारी शेकडो किलोमीटर पाण्यापलीकडे असतो. वेटलिफ्टरचे काम मात्र चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा चौथऱ्यावर भागते. तबकड्या अडकवायचा दांडा म्हणजे बार; पुरुषांचा बार २० किलोचा आणि स्त्रियांचा १५ किलोचा असतो. लाल तबकडी २५ किलोची, निळी २० ची, पिवळी १५ ची आणि हिरवी १० ची. ही वजने नाउरूत जेवढी असतात, तेवढीच सोफियात किंवा बीजिंगमध्ये असतात. आज आपण जगात कुठे उभे आहोत, हे कळण्यासाठी वेटलिफ्टरला विमान पकडावे लागत नाही. भिंतीवर जागतिक स्पर्धेतले आकडे लिहून ठेवावेत आणि आपण उचललेल्या वजनाशी ताडून पाहावेत, एवढे पुरते. एकाकीपणा हा बेटाचा सर्वांत मोठा तोटा आहे, आणि या खेळात तो तोटा जवळजवळ निष्प्रभ होतो.

याच्या जोडीला वजनगटांची व्यवस्था आहे. ज्या देशाकडे निवडीसाठी फार माणसे नाहीत, त्याला अंगापिंडाने खूप मोठा किंवा विलक्षण वेगवान माणूस शोधत बसावे लागत नाही. स्टीफन स्वतः साठ किलोच्या आसपासच्या गटात लढले. ऑकलंडला ६० किलो, १९९४ साली कॅनडातल्या व्हिक्टोरियाला ५९ किलो आणि १९९८ साली क्वालालंपूरला ६२ किलो. प्रशांत महासागरातला वेटलिफ्टर म्हटले की धिप्पाड माणूसच डोळ्यांसमोर येतो. पण या बेटाचा सर्वांत यशस्वी खेळाडू हलक्या गटातला होता.

बेटाची जमीनही या संदर्भात लक्षात घ्यायला हवी. नाउरूच्या मधल्या पठारावर फॉस्फेटचा प्रचंड साठा होता आणि विसाव्या शतकात तो जवळजवळ संपेपर्यंत खणला गेला. खाणकामानंतर तिथे उरले ते चुनखडीचे उघडे सुळके. त्यावर शेती होत नाही, घर बांधता येत नाही आणि धावणे तर दूरच राहिले. लोक राहतात ते किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात. ३१ जानेवारी १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा आणि नंतरची काही वर्षे फॉस्फेटच्या पैशावर नाउरू दरडोई उत्पन्नात जगातल्या श्रीमंत देशांच्या रांगेत होता. शतक संपता संपता तो दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचे वेड तिथे घरोघर आहे, पण तो खेळ ऑलिम्पिकमध्येही नाही आणि राष्ट्रकुल स्पर्धेतही नाही. त्यामुळे लोकांचे मन एका खेळात आणि देशाची पदके दुसऱ्या खेळात, अशी तिथली स्थिती आहे.

आता मी वर केलेल्या विधानाला थोडी मुरड घालतो. वजन सगळीकडे सारखे असले तरी स्पर्धा सारखी नसते. स्नॅचमध्ये (बार एकाच झटक्यात डोक्यावर) तीन आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) तीन असे सहा प्रयत्न मिळतात आणि त्यांत दिसते त्याहून बरेच डावपेच असतात. पुढच्या प्रयत्नासाठी जाहीर केलेले वजन प्रशिक्षक आयत्या वेळी बदलतात, प्रतिस्पर्ध्याला अपेक्षेपेक्षा लवकर चौथऱ्यावर यायला लावतात, किंवा त्याला ताटकळत ठेवून त्याचे अंग थंड पडू देतात. कोपर डोक्यावर किंचित वाकून पुन्हा सरळ झाला, तर तीन पंचांपैकी दोघांचे लाल दिवे लागतात आणि उचललेले वजन वाया जाते. घरच्या व्यायामशाळेत हे पंच नसतात, हे डावपेचही नसतात. हा भाग बाहेर जाऊनच शिकावा लागतो, आणि नाउरूने तो ऑस्ट्रेलियाच्या मदतीने शिकून घेतला. स्टीफन यांचे शिक्षण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात झाले. तिथले प्रशिक्षक पॉल कॉफा यांनी पुढे प्रशांत महासागरातल्या देशांसाठी एक सामाईक प्रशिक्षण संस्था उभी केली आणि फिजी, न्यू कॅलेडोनिया अशा ठिकाणी निरनिराळ्या बेटांवरचे खेळाडू एकत्र ठेवून घडवले. २०१४ साली ग्लासगोला १०५ किलो गटात सुवर्ण जिंकून किरिबाटी या प्रशांत महासागरातल्याच बेटांच्या देशाला राष्ट्रकुल स्पर्धेतले पहिले पदक मिळवून देणारे डेव्हिड काटोआटाऊ हे याच संस्थेत तयार झाले. वजन उचलल्यावर चौथऱ्यावर नाचणारे वेटलिफ्टर म्हणून ते अनेकांच्या स्मरणात असतील; समुद्राची पातळी वाढून आपला देश धोक्यात आला आहे, याकडे जगाने पाहावे म्हणून ते नाचत असत.

मार्कस स्टीफन यांच्या कारकिर्दीतला सर्वांत विलक्षण टप्पा मला १९९२ सालचा वाटतो. त्या वर्षी बार्सिलोनाला ऑलिम्पिक होते आणि राष्ट्रकुल विजेता खेळाडू तयार होता, पण नाउरूची राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच अस्तित्वात नव्हती. अशी समिती नसलेल्या देशाचा खेळाडू कितीही चांगला असला तरी त्याला आपल्या ध्वजाखाली ऑलिम्पिकमध्ये उतरता येत नाही. आणि समितीला मान्यता हवी असेल तर आंतरराष्ट्रीय महासंघांशी संलग्न अशा किमान पाच राष्ट्रीय क्रीडा संघटना दाखवाव्या लागतात. दहा हजार लोकांत पाच संघटना, प्रत्येकीचे पदाधिकारी, घटना आणि बैठका! स्टीफन यांनी सामोआचे नागरिकत्व घेतले आणि बार्सिलोनाला ते त्या देशाकडून उतरले. १९९४ साली नाउरूच्या समितीला मान्यता मिळाली आणि १९९६ साली अटलांटाला नाउरूचे पहिले ऑलिम्पिक पथक गेले, तेव्हा त्यात तीन खेळाडू होते आणि तिघेही वेटलिफ्टर होते. लहान देशाच्या खेळाडूला आधी स्वतःच्या देशाची कागदपत्रे उभी राहण्याची वाट पाहावी लागते, ही गोष्ट खेळाच्या बातम्यांत क्वचितच येते.

पुढे १९९९ साली अथेन्सच्या जागतिक स्पर्धेत स्टीफन यांनी ६२ किलो गटात क्लीन अँड जर्कमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यांच्या यशांत मी याला सर्वांत वरचे स्थान देतो, कारण राष्ट्रकुल स्पर्धेत चीन, बल्गेरिया, तुर्कस्तान, ग्रीस असे या खेळातले बलाढ्य देश नसतात. जागतिक स्पर्धेत ते सगळे असतात. १९९० ते २००२ या काळात राष्ट्रकुल स्पर्धांत त्यांनी सात सुवर्ण आणि पाच रौप्य अशी बारा पदके मिळवली. नंतर ते राजकारणात गेले आणि डिसेंबर २००७ ते नोव्हेंबर २०११ या काळात नाउरूचे राष्ट्राध्यक्ष होते.

बारा पदकांच्या या आकड्याकडे मात्र थोडे सावधपणे पाहायला हवे. २००२ पर्यंत राष्ट्रकुल स्पर्धेत प्रत्येक वजनगटात स्नॅच, क्लीन अँड जर्क आणि एकूण वजन अशी तीन स्वतंत्र पदके दिली जात. त्यामुळे एकाच दिवशी एकाच खेळाडूच्या गळ्यात तीन पदके पडू शकत. २००६ पासून फक्त एकूण वजनासाठी पदक दिले जाऊ लागले. २००२ साली मँचेस्टरला नाउरूने दोन सुवर्णांसह पंधरा पदके नेली. रिआना सॉलोमन हिच्या रूपाने नाउरूच्या एका स्त्रीने सुवर्ण जिंकले ते तिथेच. त्यानंतरच्या प्रत्येक स्पर्धेत नाउरूची पदके एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. ही उतरती कळा वाटते, पण तिचा बराचसा भाग मोजण्याच्या पद्धतीतून आला आहे. दर लाख लोकांमागे किती पदके, अशा तक्त्यांमध्ये नाउरूला पहिल्या क्रमांकावर बसवणारे लेखही मला यामुळेच पोकळ वाटतात. अशा देशात एक खेळाडू निवृत्त झाला किंवा पदकाचा एक नियम बदलला की सरासरी कोसळते. त्या आकड्यावरून देशाविषयी काही ठरवता येत नाही.

पदके कमी झाली तरी परंपरा टिकून आहे. २०१० साली दिल्लीच्या स्पर्धेत ७७ किलो गटाचे सुवर्ण नाउरूच्या युकियो पीटर यांनी जिंकले. आपल्याच राजधानीत घडलेली ही गोष्ट आपल्याकडे किती जणांच्या ध्यानात राहिली असेल, कोण जाणे. २०१४ साली ग्लासगोला इटे डेटेनामो यांनी सर्वांत वरच्या वजनगटात रौप्य मिळवले. त्यांचे बंधू क्विन्सी हे अटलांटाला गेलेल्या त्या तिघांपैकी एक होते. २०२२ साली बर्मिंगहॅमला मॅक्सिमिना उएपा हिने ७६ किलो गटात कांस्य मिळवले. त्याच स्पर्धेत सर्वांत वरच्या गटाचे कांस्य जिंकणारी करिष्मा अमो-टॅरंट ही चार वर्षांपूर्वी गोल्ड कोस्टला नाउरूसाठी रौप्य जिंकली होती. बर्मिंगहॅमला मात्र ती ऑस्ट्रेलियाच्या वेषात होती आणि टोकियो ऑलिम्पिकलाही ती त्याच देशाकडून गेली होती. तिला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. मोठ्या देशात प्रशिक्षण, वैद्यकीय मदत आणि पुढचे आयुष्य या तिन्हींची सोय असते. पण मोठ्या देशाच्या पथकातून एक खेळाडू गेला तर त्याची जागा घ्यायला रांग उभी असते, आणि नाउरूच्या पथकातून एक जण गेला तर कदाचित त्या वर्षीचे पदकच जाते.

ऑलिम्पिकमध्ये नाउरूला अजून एकही पदक मिळालेले नाही आणि यापुढची वाट अधिक अवघड होत चालली आहे. उत्तेजकांच्या प्रकरणांनी बदनाम झालेल्या वेटलिफ्टिंगची ऑलिम्पिकमधली जागा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने सतत कमी केली: रिओला २६० खेळाडू होते, टोकियोला १९६ उरले आणि पॅरिसला अवघे १२०. गुन्हा प्रामुख्याने मोठ्या वेटलिफ्टिंग देशांतल्या काही संघांचा होता, पण जागा आटल्यावर त्याची झळ सर्वांत आधी तळाशी असलेल्यांना बसली. २०२४ साली पॅरिसला नाउरूचे पथक एका खेळाडूचे होते आणि तो होता १०० मीटर धावणारा विन्झर काकिओउआ.

धावपटूला मिळणारी अशी जागा ही बहुधा सार्वत्रिक सहभागाच्या तरतुदीतून येते: ज्या देशाचा कोणीच पात्र ठरत नाही, त्यालाही एखादा खेळाडू पाठवता यावा म्हणून ती असते. ही तरतूद उदार आहे आणि ती असावीच. काकिओउआसारख्या तरुणाला त्या मार्गिकेवर उभे राहायला मिळते, याचा मला आनंदच आहे. पण मुख्य फेरीआधीच्या प्राथमिक शर्यतीत अकरा सेकंद धावायचे आणि परत फिरायचे, एवढाच सहभाग त्यातून बहुतेकदा साधतो. ज्या खेळात एखादा देश खरोखर लढू शकतो त्या खेळातली जागा काढून घ्यायची आणि ज्यात तो लढू शकत नाही त्यातली जागा भेट म्हणून द्यायची, या व्यवहाराला मी समावेशकता म्हणणार नाही.

म्हणून नाउरूसाठी राष्ट्रकुल स्पर्धा अजूनही महत्त्वाची आहे. २०२६ च्या ग्लासगो स्पर्धेतून खर्चाच्या कारणाने हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, क्रिकेट आणि नेमबाजी हे खेळ वगळून फक्त दहा खेळ ठेवण्याचे ठरले, तेव्हा आपल्याकडे स्वाभाविकच मोठी ओरड झाली. भारताची त्यात बरीच पदके बुडतात, हे खरे आहे. त्या दहांच्या यादीत वेटलिफ्टिंग टिकून राहिले. ते वगळले असते तर भारताला पदकतालिकेत आणखी थोडा फटका बसला असता, आणि नाउरूचा मात्र पदकतालिकेशी असलेला संबंधच संपला असता.