आमची वाटचाल: चिमट्याच्या टोकापासून स्टिरिओटॅक्सिक फ्रेमपर्यंत

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये सुरुवातीला एकच काम चालायचं, दवाखान्यांच्या कात्र्यांना धार लावणं. आता बेंचवरचा बराचसा माल औषधशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांतून येतो: उंदरांवरच्या सूक्ष्म शस्त्रक्रियेची हत्यारं, आणि मेंदूत ठरलेल्या जागी सुई उतरवण्यासाठी उंदराचं डोकं पक्कं धरणाऱ्या स्टिरिओटॅक्सिक फ्रेम. धातू तोच, पण हिशोब वेगळा. मोठ्या ऑपरेशनमध्ये कात्री जरा बोथट असली तर हात जोर लावून निभावून नेतो. उंदराच्या मांडीतली धमनी जेमतेम १ मिमी. तिथे जोर लावायला जागाच नाही.

ती धमनी जोडायला साधारण ८ ते १० टाके लागतात, १०-० नंबरच्या नायलॉनचे. हा धागा २० ते २९ मायक्रॉन जाड, डोक्याच्या केसाच्या निम्म्याहून बारीक. चिमटा दुरुस्त झाला की नाही, याची आमची परीक्षा याच धाग्यावर होते. काचेवर पडलेला धागा पहिल्या झटक्यात उचलला गेला पाहिजे, ओढल्यावर सटकता कामा नये आणि तुटताही कामा नये.

आलेला चिमटा आधी ४० पट मायक्रोस्कोपखाली जातो. तीन दुखणी नेहमीची: टोकं एकमेकांवरून चढलेली, एक टोक आखूड झालेलं, किंवा टोकाला आकडा, म्हणजे हुकासारखा बाक, आलेला. आकडा बहुतेक वेळा ट्रेच्या तळाला टोक आपटल्याने येतो. तो पितळी जबड्यात धरून हळूहळू दाबत सरळ करायचा. एका दमात वाकवलं तर कडक पोलाद मोडतं. मग दोन्ही टोकं मिटवून बाहेरच्या बाजू बारीक दगडावर, नेहमी मुळाकडून टोकाकडे. आतली बाजू शेवटी: २००० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून टोकांत हलकेच धरायचा आणि ओढून घ्यायचा. दर दोन घासांनंतर मायक्रोस्कोप. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घासतात कमी आणि ऐकतात जास्त; आमचं काम त्याच जातीचं, फक्त कानाऐवजी डोळा. ग्राइंडरचं चाक या टोकांना लावत नाही. टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, मग त्यावर कितीही मेहनत घ्या, धरत नाही.

एक गोष्ट ग्राहकांना पटायला वेळ लागतो. चिमटा पकडत नाही म्हणून लोक जास्त दाबतात. जास्त दाबला की टोकं मागून वाकतात आणि तोंड उघडतं, मग पकड आणखी कमी. बारीक चिमटा पेनसारखा धरून, टोकं जेमतेम टेकतील एवढाच दाबायचा असतो.

दुरुस्त करून पाठवलेला माल काही महिन्यांत पुन्हा यायचा, म्हणून आम्ही धुण्याची पद्धत छापून प्रत्येक डब्यात ठेवायला लागलो. हत्यारं शस्त्रक्रियेत कमी, त्यानंतर जास्त मरतात. सलाईन आणि रक्त टोकावर वाळलं की क्लोराइड स्टेनलेसलाही खड्डे पाडतं. ब्लीच तर त्याहून वाईट. काम संपताच डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, मऊ ब्रशने घासा, बिजागरी उघडी ठेवून वाळवा. बोअरच्या पाण्याने धुतलं तर ऑटोक्लेव्हनंतर (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केल्यावर) पांढरे डाग येतात आणि गंज समजून फोन येतात. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर, पण साधं आणि स्टेनलेस पोलाद एका ट्रेमध्ये नको. एकाचा गंज दुसऱ्यावर बसतो. एका उंदरानंतर दुसरा घेताना काचमण्यांचा स्टरिलायझर (तापलेल्या काचमण्यांत टोक खुपसून निर्जंतुक करणारं यंत्र) वापरत असाल तर आधी टोक पुसून स्वच्छ करा, आणि २५० अंशांतून काढलेलं टोक थंड होऊ द्या. मांस भाजल्याच्या तक्रारीत दोष हत्याराचा नसतो.

सुई चिमट्याला चिकटून सुटत नसेल तर चुंबकत्व आलंय. चुंबकत्व घालवणाऱ्या विजेच्या कॉइलमधून काढा, पण कॉइल चालू असतानाच हात सावकाश लांब न्या. आत असताना बटण बंद केलंत तर कधी पहिल्यापेक्षा जास्त चुंबक होऊन बाहेर येतं.

फ्रेमच्या कामात आम्ही दुरुस्तीतूनच शिरलो. मेंदूच्या नकाशातले आकडे कवटी सपाट धरून दिलेले असतात. विस्टार या प्रयोगशाळेतल्या जातीच्या प्रौढ उंदरात त्यासाठी दाताची पट्टी कानाच्या दांड्यांच्या रेषेखाली साधारण ३.३ मिमी ठेवतात, पण शेवटचा निकाल ब्रेग्मा आणि लॅम्ब्डा (कवटीची हाडं जुळतात तिथले पुढचा आणि मागचा बिंदू) यांची उंची मोजूनच लावायचा. फ्रेम तपासताना आधी कानाच्या दांड्या शून्यावर आणून टोकाला टोक भिडतं का ते बघतो. तिथे फरक असला की डोकं एका बाजूला कलतं, आणि सुई बरोबर आकड्यावर जाऊनही चुकीच्या जागी उतरते. मग डायल गेज लावून स्क्रूचा प्ले, म्हणजे सैलपणा, मोजतो. थोडा प्ले प्रत्येक फ्रेममध्ये असतोच, त्यामुळे आकड्यावर नेहमी एकाच दिशेने या. पुढे गेलात तर बरंच मागे येऊन पुन्हा पुढे चला. डोव्हटेल स्लाइड (खाचेतून सरकणारा भाग) जड झाली की लोक तेल ओततात. आत वाळलेलं सलाईन आणि डेंटल सिमेंटची भुकटी असते. तेलाने त्याचा लगदा होतो. उघडून पुसायलाच हवी. ॲसिटोन मात्र मोजपट्टीपासून लांब ठेवा, आकड्यांतला रंग निघून जातो आणि मग व्हर्निअर (बारीक माप दाखवणारी सरकती पट्टी) वाचणार कसा?

सरावासाठी साहित्य मागणाऱ्यांना आम्ही आधी १ मिमी सिलिकॉन नळी देतो, त्यानंतर बाजारातली कोंबडीची तंगडी आणायला सांगतो. त्यावर पन्नासेक टाके नीट पडले की मग प्राण्याचा विचार, तोही संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीनंतर.

दुरुस्तीला माल पाठवताना प्रत्येक टोकावर सलाईन सेटच्या नळीचा दोन सेंमीचा तुकडा चढवा. कापसात गुंडाळू नका, धागे टोकांत अडकतात आणि उलगडताना तीच वाकतात. सोबत चिठ्ठीत लिहा की चिमटा कुठल्या नंबरच्या धाग्यासाठी वापरता. ८-० आणि १०-० साठी टोक वेगळं घासावं लागतं.