बाईंनी मला ‘बोल’ म्हटलं नाही

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि विषय शोधावा लागला नाही. मला पहिलीच्या बाईंबद्दलच लिहायचं आहे. गॅदरिंग, सहली, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, बुडून दुसऱ्या दिवशी रंगीत कानांनी शाळेत येणारी पोरं, हे सगळं बाकीचे लिहितीलच.

1983 च्या जूनमध्ये आम्ही सटाण्याहून नाशिकला पंचवटीत राहायला आलो. घरी अहिराणी, आणि घरात माझी टकळी बंद होत नसे. शाळेचं फाटक ओलांडलं की मात्र गळा आवळल्यासारखा व्हायचा. शब्द तयार असत, बाहेर पडत नसत. सहामाही झाली, दिवाळी आली, तरी वर्गात माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. ‘मिठाची गुळणी धरलीय का?’ असं विचारणारे पुष्कळ होते. कुणी हट्टी म्हणे, कुणी म्हणे हिला मराठी येत नाही. मला सगळं कळत होतं.

बाईंनी मला एकदाही ‘बोल’ म्हटलं नाही. मी एकटी वेगळी दिसू नये म्हणून हजेरीला त्यांनी अख्ख्या वर्गालाच पाटी वर करायला लावली. मला लघवीला जाऊ का विचारता येत नसे, तर दुसरा तास संपला की त्या पूर्ण रांगच बाहेर पाठवायच्या.

दिवाळीनंतर मधल्या सुट्टीत त्यांनी चौथीतल्या माझ्या ताईला आमच्या वर्गात येऊन बसायला सांगितलं. दार लोटून आम्ही दोघी सागरगोटे खेळायचो. रिकाम्या वर्गात मला आवाज फुटला, ‘हाऊ मना शे’ (हा माझा आहे) म्हणत ताईशी भांडणंही सुरू झाली. मग बाई बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून वह्या तपासू लागल्या. काही दिवसांनी खुर्ची दारात आली, नंतर आत, पण आमच्याकडे पाठ करून. एकदा सागरगोटा घरंगळत त्यांच्या खुर्चीखाली गेला आणि मी म्हणाले, “बाई, पाय उचला.” बाईंनी पाय उचलले, वहीवर लाल शेरा मारला आणि पुढची वही ओढली. ‘अरे वा’ नाही, शाबासकी नाही, हेडबाईंना हाक नाही. त्या क्षणी त्यांनी कौतुक केलं असतं तर मी पुन्हा मिटले असते, याबद्दल मला शंका नाही.

आज मी गंगापूर रोडला स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनोन्महिने गप्प राहतं, त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. बहुतेकदा हे पाच वर्षांच्या आतच सुरू होतं, पण लक्षात येतं शाळेत घातल्यावर. शाळेचा पहिला महिना धरत नाहीत, कारण नवखेपणाने तेव्हा बरीच मुलं गप्प असतात. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत 2013 पासून याची गणना चिंतेच्या विकारांत होते. मूल अडून बसलेलं नसतं, ते भीतीने थिजलेलं असतं. ते ज्याच्याशी बोलतं त्या माणसाला वर्गात आणायचं आणि परक्याने हळूहळू जवळ सरकायचं, ही यावरची उपचारपद्धत. कॉलेजात ती शिकताना मला बाईंची खुर्ची आठवली आणि त्या दिवशी पुढचं काही वाचवलं नाही.

वाईट याचं वाटतं की आता तीन वर्षांच्या लेकराला समोर बसवून ‘नाव सांग, रंग सांग’ विचारतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने प्रवेशासाठी मुलांची अशी चाळणी करायला मनाई केली आहे. तरीही माझ्याकडे आलेल्या एका आईला, मुलगी बोलली नाही म्हणून एका शाळेने परत पाठवलं होतं.

जुनी कौलारू इमारत आता पाडणार असं कळलं. नवीन इमारतीत पहिलीच्या वर्गाशेजारी, दार लोटता येईल अशी एक लहान खोली ठेवा. तिथे घरचं माणूस मुलाजवळ बसू शकेल. बाईंच्या नावाने त्या खोलीचा खर्च मी देईन, समितीने फक्त कळवावं.