मुलांचा सीटी करण्याआधी

सोलापुरात अक्कलकोट, मंगळवेढ्यापासून सीमेपलीकडच्या इंडीपर्यंतची मुले तपासणीसाठी येतात. रेडिओलॉजिस्ट म्हणून मला एक विसंगती नेहमी जाणवते: छातीच्या साध्या एक्स-रे फोटोला घाबरणारे पालकच, मूल पलंगावरून पडले की "एकदाचा सीटी करूनच टाका" असा आग्रह धरतात; सीटी स्कॅन म्हणजे तर अनेक कोनांतून घेतलेले एक्स-रेच.

मुलाच्या छातीच्या एक्स-रेचा डोस सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) असतो. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. म्हणजे हा एक्स-रे त्यातल्या तीन-चार दिवसांइतका. डोक्याच्या सीटीचा डोस मात्र साधारण २ मिलिसिव्हर्ट, अशा शंभर एक्स-रेंएवढा. मुलांच्या पेशी वेगाने विभागत असतात आणि पुढे मोठे आयुष्य असते, त्यामुळे दुष्परिणाम उमटायला अवधीही भरपूर मिळतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली आलेल्या ब्रिटनमधील अभ्यासाचा अंदाज असा, की दहा वर्षांखालील १०,००० मुलांचे डोक्याचे सीटी केल्यास पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूतील गाठीचा एक रुग्ण वाढतो. हा धोका लहान आहे, आणि गंभीर दुखापतीत त्याच्या भीतीने सीटी टाळणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. परंतु जे मूल पडल्यावर लगेच रडले, बेशुद्ध झाले नाही, उलटी न होता पूर्ववत खेळू लागले, त्याला बालरोगतज्ज्ञांनी तपासून काही तास नजरेखाली ठेवणे बहुतेक वेळा पुरेसे असते. पोटदुखीत आधी सोनोग्राफी करावी. एमआरआयमध्ये हे किरण नसतात, मात्र लहान मुलांना अनेकदा भूल द्यावी लागते, हेही विसरू नये.

सीटी आवश्यकच असेल, तर यंत्राची सेटिंग मुलाच्या वजनानुसार आहे का आणि नेमका हवा तेवढाच भाग घेतला जाणार आहे का, हे पालकांनी निःसंकोच विचारावे. विचारल्याचा राग येणाऱ्या सेंटरबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. मूल हलले की प्रतिमा धूसर येते आणि पुन्हा किरण द्यावे लागतात. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरातल्या मुलाशी तंत्रज्ञ त्याच्या भाषेत दोन शब्द बोलला, तर हे पुष्कळदा टळते. मूल धरणाऱ्या पालकाने शिशाचा अ‍ॅप्रन घालावा. गर्भवती आईने आत थांबू नये. मुलाच्या जननेंद्रियांवर शिशाची पट्टी ठेवण्याची जुनी पद्धत मात्र आता सरसकट वापरू नये असे मानले जाते, कारण ती सरकून हवा तो भाग झाकते आणि डोस आपोआप ठरवणारे यंत्र उलट तो वाढवू शकते.

माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत निरर्थक किरणोत्सर्ग पुनरावृत्तीतून होतो. जुन्या फिल्म गावी राहतात, सोबत येतो तो फक्त रिपोर्टाचा कागद. कागदावरून दुसऱ्या डॉक्टरांना प्रतिमा दिसत नाही आणि तीच तपासणी पुन्हा लिहिली जाते. म्हणून सेंटर सोडण्यापूर्वी सीडी मागून घ्यावी आणि ती मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवावी.