ठरावीक अंतरावर भरून येणारी पोटरी

साठीच्या पुढचा माणूस चालता चालता मध्येच थांबू लागला, की आमच्या यावल-रावेर भागात त्याला वाताचे दुखणे म्हणतात आणि तेल चोळून शेक देतात. माझ्या काकांच्या बाबतीतही तेच चालले होते. केळीच्या बागेतून विहिरीकडे जाताना त्यांची पोटरी दर वेळी जवळपास त्याच जागी भरून यायची, दोन-चार मिनिटे उभे राहिले की मोकळी व्हायची आणि तेवढेच अंतर चालले की पुन्हा धरायची. अशी वेदना बहुधा पायाच्या रोहिण्यांत, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्यांत, चरबीचे थर साचून त्या अरुंद झाल्यामुळे होते, कारण चालताना स्नायूंना लागणारे वाढीव रक्त त्यांतून पोहोचत नाही. मणक्यात नस दबल्यानेही चालताना पाय दुखतात, पण तेव्हा नुसते उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते.

तपासणी सोपी आहे. घोट्याजवळचा रक्तदाब दंडावरच्या रक्तदाबाच्या ०.९० पट किंवा त्याहून कमी भरला, तर रोहिण्या अरुंद होण्याचा आजार असल्याचे धरतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून त्यांच्या पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा लागतो.

मला सर्वांत गंभीर वाटते ते हे, की असे थर एकट्या पायात क्वचितच साचतात. हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्यांतही तेच घडत असते, त्यामुळे या रुग्णांना पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचा धोका अधिक असतो. म्हणूनच बिडी-तंबाखू पूर्ण सोडणे, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे, कोलेस्टेरॉलची व रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांनी दिली असल्यास ती न चुकवणे, हे पायाइतकेच जिवासाठीही आहे. काकांना डॉक्टरांनी चालणे बंद करायला नव्हे, तर वाढवायला सांगितले: दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. काही महिन्यांत त्यांचे न दुखता चालण्याचे अंतर खरोखरच वाढले.

शेक मात्र कटाक्षाने टाळावा. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही आणि रक्तपुरवठा कमी असल्याने जखम भरत नाही, ती चिघळून गँगरीनपर्यंत जाऊ शकते. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघणाऱ्या मधुमेही भाविकांनीही, श्रद्धेचा पूर्ण आदर राखून सांगतो, तापलेल्या डांबरावर अनवाणी चालू नये. रात्री पाय ठणकून तो खाटेखाली लोंबता सोडल्यावरच बरे वाटत असेल, तर आजार पुढच्या टप्प्यात गेला आहे असे समजून लगेच डॉक्टरांना दाखवावे. आणि पाय अचानक थंडगार, पांढरट व बधिर पडला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे, कारण तेव्हा पाय वाचवायला काही तासच हाताशी असतात.