कोल्हापूरची चित्रे आणि जेवणाच्या वेळा

कोल्हापूरला जाणारे बहुतेक जण अंबाबाईचे दर्शन, जोतिबा, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा एवढ्यावर सुट्टी संपवून परततात. मला आणि माझ्या आत्याला मात्र तिथे निवांतपणे चित्रे पाहायची होती. आत्या चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, चंद्रकांत मांढरे ही कोल्हापूरच्या चित्रकारांची नावे तिने वर्षानुवर्षे वर्गात घेतली. त्यांची मूळ चित्रे समोर उभे राहून पाहण्याचा योग मात्र फारसा आला नव्हता. आखणी माझ्याकडे आली आणि ती करताना लक्षात आले की, या शहरात अडचण अंतराची नाही, दुपारच्या जेवणाची आहे. पोटभर रस्सा ओरपून झाल्यावर चित्रासमोर दहा मिनिटे लक्ष देऊन उभे राहणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून चित्रे सकाळी, जेवण दुपारी, त्यानंतर विनासंकोच झोप आणि संध्याकाळी पायी भटकंती असा क्रम ठरवला. सोमवारी सरकारी संग्रहालये बंद असतात, त्यामुळे तो दिवस आधीच वगळला.

सुरुवात टाऊन हॉलपासून केली. सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेतील ही काळ्या दगडाची, उतरत्या छपरांची, गॉथिक धाटणीची इमारत चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार 1872 ते 1876 या काळात उभी राहिली. येथील संग्रहालय 1946 साली स्थापन झाले आणि त्याला निमित्त ठरले ते पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खनन. तिथे सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी ब्राँझमूर्ती सगळे पाहतात आणि ती पाहावीही, कारण सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी चाललेला व्यापार समुद्रापासून इतक्या आत, घाट चढून पोहोचला होता, हे पुस्तकातील दहा ओळींपेक्षा त्या मूर्तीमुळे लवकर पटते.

आम्ही अधिक वेळ दिला तो चित्रांना. आबालाल हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेले, शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले आणि कोटितीर्थाच्या परिसरात एकांतात राहिलेले चित्रकार. 1922 मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी उद्वेगाने आपली बरीच चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. आत्याने मला त्यांच्या एका जलरंगातील निसर्गचित्राजवळ नेले आणि उजेडाच्या जागा बोटाने, अर्थात काचेपासून हातभर अंतर राखून, दाखवल्या. त्या जागी पांढरा रंग नव्हताच. कागद तेवढा कोरा राखलेला होता, आणि भोवतालचा करडा-निळा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेला रंगाचा थर, ओला असतानाच थांबवल्यामुळे त्याची कड कुठे विरघळलेली, तर कुठे धारदार राहिलेली दिसत होती. “इंटरमिजिएटच्या पोरांना मी ओरडून सांगायचे, कागद राखा, कागद राखा. राखायचा म्हणजे असा बघ,” ती म्हणाली. त्या एका चित्रापाशी आमचा इतका वेळ गेला की, उरलेली शस्त्रे आणि शिल्पे मी भरभर पाहून टाकली. त्याचे मला वाईट वाटले नाही.

दुपारी जवळच्याच एका खानावळीत गेलो. आत्या शाकाहारी आहे आणि कोल्हापुरात शाकाहारी माणसाचे हाल होतात, असे तिला घरच्यांनी बजावले होते. अख्खा मसूर आणि गरम भाकरी यांनी ते खोटे ठरवले. माझ्या ताटात सुके मटण होते आणि बाजूला दोन वाट्या. पांढरा रस्सा म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध आणि खसखस-तिळाचे वाटण. तांबड्यात कांदा-लसूण मसाला आणि भाजलेले खोबरे. मसाल्याला इथे सरळ ‘चटणी’ म्हणतात, हे बाहेरच्याने ध्यानात ठेवावे. वाढणारा गृहस्थ किटली घेऊन आला आणि म्हणाला, “आधी पांढरा प्या दादा, मग तांबड्याकडं वळा. तिखट लागलं तर परत पांढरा हायच की!” त्याचे ऐकावे. पांढऱ्याने जीभ तयार होते आणि तांबड्याचा ठसका बसला तरी चव हरवत नाही. माझ्या मते या जेवणाची प्रतिष्ठा मटणावर नसून या दोन वाट्यांवर आहे. मटण चांगले कुठेही मिळते.

दुसरी सकाळ राजारामपुरीसाठी राखली होती. उद्यमनगर तिथून जवळ असल्यामुळे वाटेत फडतरे यांच्याकडे मिसळ खाल्ली. पुण्याच्या माणसाने इथे पाव मागू नये. मिसळीबरोबर ब्रेडच्या जाड स्लाइस येतात आणि त्या कटात बुडवल्यावर पावापेक्षा अधिक रस धरतात. राजारामपुरीतील चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय हे मुळात त्यांचे घर, जे त्यांनी चित्रांसह शासनाच्या हवाली केले. मांढरे (1913–2001) पडद्यावरील शिवाजी महाराज म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत, परंतु त्यांची पावडर शेडिंगमधील निसर्गचित्रे पाहिल्यावर अभिनय हा त्यांचा दुसरा उद्योग असावा, अशी शंका येते. या पद्धतीत रंगाची कोरडी पूड कागदावर घासून छटा चढवतात. लांबून छायाचित्र वाटावे इतके धुके मऊ दिसते, आणि जवळ गेल्यावर कागदाच्या खरखरीत पोतात अडकलेले कण दिसू लागतात. घरातच चित्रे असल्याने तिथे दालनाचा औपचारिकपणा नाही आणि एका बैठकीत सारे पाहून होते.

सगळीकडे मात्र असे सुख मिळाले नाही. एका कलादालनात दिव्याचा झोत थेट काचेवर पडत होता, त्यामुळे चित्राऐवजी स्वतःचाच चेहरा पाहावा लागला. तिरपे उभे राहून, आळीपाळीने सावली धरून आम्ही ते प्रदर्शन उरकले. दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनात स्थानिक चित्रकारांची प्रदर्शने बदलत असतात. तिथे काय लागले आहे, हे आदल्या दिवशी चौकशी करून जावे, कारण जुने थोर आणि आज रंगवणारे यांना लागोपाठ पाहण्यातच खरी गंमत आहे. आत्याने एका तरुण चित्रकाराला त्याच्या सावल्या जांभळ्या का आहेत, असे विचारून बराच वेळ अडकवून ठेवले. तोही आनंदाने अडकला.

संध्याकाळी खरी कॉर्नरपर्यंत चालत गेलो. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा तयार करून मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांचे स्मरण तिथे कॅमेऱ्याच्या शिल्परूपात केलेले आहे. पुढे खासबागेत भेळ खाल्ली आणि रात्री गंगावेशीतील दूध कट्ट्यावर पोहोचलो. तिथे म्हशी उभ्याच असतात. धार काढली की फेसासकट पेला हातात येतो. आत्याने पहिला पेला साशंकपणे घेतला, मिशीसारखा ओठांवर आलेला फेस पदराने पुसला आणि मला म्हणाली, “आता रात्रीच्या जेवणाचं काही ठरवलं असशील तर रद्द कर. आणि अजून एक सांग, बिनसाखरेचा.”